अन्न म्हणजे भात

निवृत्त होईपर्यंतची पंधरा-सोळा वर्षं मी रोज पोरांच्या आधी जेवले. हौस म्हणून नव्हे, नियम म्हणून. शाळेतला दुपारचा आहार मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायचा आणि वहीत सही करायची. आमची शाळा मराठी माध्यमाची, सरकारी, बेळगाव तालुक्यातली. वही मात्र कानडीत. तारीख, पदार्थ, चव, सही, एवढेच रकाने. चवीच्या रकान्यात मी वर्षानुवर्षं ‘चेन्नागिदे’ लिहीत आले, म्हणजे ‘छान आहे’. तीन वेळा मात्र हात अडला. एकदा डाळीत सोडा जास्त पडला होता, एकदा तांदळात पोरकिडे निघाले, आणि एकदा सांबाराला रॉकेलचा वास मारत होता. रॉकेलच्या दिवशी मी अख्खं भांडं मागच्या परड्यात ओतायला लावलं आणि पोरांना चुरमुरे-फुटाणे वाटले. स्वयंपाकाच्या बाया आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पोरं मात्र विचारत राहिली, बाई, परत कधी?

ती सवय अंगात मुरलेली. त्यामुळे आत्याला भेटायला पहिल्यांदा वृद्धाश्रमात गेले तेव्हा ऑफिसात बसायच्या आधी माझे पाय स्वयंपाकघराकडेच वळले.

आत्या बेळगावातल्या शहापूरची. तरणेपणी विधवा झाली, मूलबाळ नाही. साड्यांना फॉल-पिको करून, पोलकी शिवून तिने आयुष्य काढलं आणि त्यातूनच माझ्या डी.एड.ची फीसुद्धा भरली. आता एक्क्याऐंशीची आहे. तिला तिथं का ठेवावं लागलं त्याची कारणं प्रत्येक घरात असतात तीच आहेत. ती इथं मांडून मला स्वतःची सुटका करून घ्यायची नाही. आश्रम शहराच्या बाहेर, मुख्य रस्त्यापासून दीडेक किलोमीटर आत. बत्तीस माणसं. निम्मी मराठी, निम्म्याला थोडी कमी कानडी, दोघी कोकणी बोलणाऱ्या, एक उर्दू बोलणारे चाचा. मी दर बुधवारी जाते. 2023 च्या जूनपासून आम्हा बायकांना सरकारी बसचं तिकीट शून्य रुपयांचं मिळतं. आधार कार्ड दाखवायचं आणि खिडकीशी बसायचं. ती सोय नसती तर मी दर बुधवारी गेले असते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. विचारलं, “जेवलीस काय आत्या?”

“जेवले की गे.”

“काय होतं?”

“अन्न होतं.”

मला वाटलं, वैतागून बोलतेय. अन्न होतं म्हणजे काय, दगड का असणार होते? मग लक्षात आलं. कानडीत अन्न म्हणजे भात. आपण मराठीत ज्याला अन्न म्हणतो त्यात भाकरी येते, उसळ येते, ताक येतं, कांद्याची फोड येते. गल्ली ओलांडली की तोच शब्द भातापुरता उरतो. आश्रमातल्या फळ्यावर रोजचं जेवण कानडीत लिहिलेलं असतं. सकाळी उप्पिट्टू नाहीतर अवलक्की म्हणजे पोहे, दुपारी अन्न-सारू म्हणजे भात आणि पातळ आमटी, रात्री परत अन्न-सारू, रविवारी चित्रान्न म्हणजे फोडणीचा भात. आत्याने तो शब्द तिथून उचलला होता आणि त्याच अर्थाने वापरत होती. अन्न होतं. भात होता. बाकी काही नव्हतं.

लगेच कुणी याला सीमाप्रश्नाचा रंग देईल म्हणून सांगते. आत्याच्या खोलीत दुसऱ्या खाटेवर बैलहोंगलकडची एक अज्जी आहे, लिंगायत, वय आत्याहून दोन वर्षं जास्त. जन्मभर जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेली. ती तर आत्याहून जास्त चिडलेली असते. “रोट्टी इल्दा ऊटा, एंथा ऊटा?” भाकरीशिवायचं जेवण, हे कसलं जेवण? असं ती भाताच्या ढिगाकडे बघून विचारते, आणि उत्तराची वाट न बघता पदराला हात पुसते. या प्रश्नावर सीमाभागात संपूर्ण एकमत आहे.

भातच का, हे मला स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर कळलं. बत्तीस माणसांना दोन-दोन भाकऱ्या म्हणजे चौसष्ट भाकऱ्या. थापायला हात दोनच, त्या मावशींचे. त्यांच्या हाताखाली एक पोरगी, ती भांडी आणि भाजी बघते. भाताला काय, एक मोठं पातेलं आणि एक झाकण. दुसरं कारण असं की देणगी येते ती बहुतेक तांदळाच्या पोत्यात. पोतं देताना मोठं दिसतं. ‘माझ्याकडून दहा किलो शेंगदाणे’ असं म्हणणारा दाता मी अजून पाहिलेला नाही.

शाळेतल्या त्या आहाराला निदान मोजमाप होतं. पाचवीपर्यंतच्या मुलाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ होते. तपासणीला साहेब आले की आधी तेच विचारायचे. प्रत्यक्षात डाळ कधी पातळ व्हायची, भाजीतला भोपळा कधी नुसता नावाला असायचा. पण बोट ठेवायला कागद होता. 20 ग्रॅम लिहिलंय, 20 ग्रॅम कुठाय, असं म्हणता येत होतं.

म्हाताऱ्यांसाठी असा कागद असेल म्हणून मी 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा काढून वाचला. त्यात निर्वाहाच्या व्याख्येत अन्न आहे, वस्त्र, निवारा आणि औषधोपचारांच्या बरोबरीने. मुलांनी आईबापांना दरमहा किती द्यायचं याची मर्यादा आहे, 10,000 रुपये. प्रत्येक जिल्ह्यात टप्प्याटप्प्याने निदान एक वृद्धाश्रम राज्य सरकारने काढावा, त्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय असावी, असं कलम 19 सांगतं. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात आश्रमांचा दर्जा ठरवण्याचा विषय निघतो. तिथे कशासाठी दर्जा? वैद्यकीय सेवा आणि करमणुकीची साधनं. त्या वाक्यात मी जेवण दोनदा शोधलं. जेवण नाही. कायदा लिहिणाऱ्यांना वाटलं असावं, जेवण काय, ते असतंच. आमच्या आश्रमात करमणुकीला टीव्ही आहे. चालू असतो.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने कळली, ती मॅनेजरनाही ठाऊक नव्हती. अन्नसुरक्षेचा 2006 चा कायदा खानावळीला, हॉटेलला लागू होतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातल्या व्याख्येत ‘नफ्यासाठी असो वा नसो’ असे शब्द आहेत. म्हणजे आपण धर्मादाय आहोत, दोन घास फुकट घालतो, म्हणून चव आणि स्वच्छता कुणी विचारू नये, असं त्या कायद्याला वाटत नाही. मॅनेजर म्हणाले, “बाई, इथं शाळा भरवू नका.” मी गप्प बसले. आत्याला तिथं राहायचं होतं, मला नव्हतं.

पण डोळे कसे मिटणार? मला सगळ्यात आधी खुपली ती वेळ. संध्याकाळी सव्वासहाला जेवण. सूर्य अजून वर असतो, आणि पावसाळ्यात बेळगावला दिवसभर जो गडद अंधारा झिमझिम असतो त्यात तर कळतही नाही की हे दुपारचं की रात्रीचं. वाढतात का इतक्या लवकर, तर मावशींची गावाकडे जाणारी बस सातला आहे. ती चुकली की पुढची नाही. त्यांच्या घरी सासू आहे, दोन म्हशी आहेत. मला त्यांच्यावर राग धरता येत नाही. सकाळी पहिल्या बसने त्या येतात, मग उप्पिट्टू पानात पडायला पावणेनऊ. सव्वासहा ते पावणेनऊ, साडेचौदा तास. मधे काही नाही. सकाळी सहाला चहा, आणि बटर मिळालं तर मिळालं.

अमेरिकेत अशा वृद्धगृहांसाठी केंद्र सरकारचा नियम आहे. संध्याकाळचं पोटभर जेवण आणि सकाळची न्याहारी यांत 14 तासांहून जास्त अंतर पडू नये. झोपताना पोटाला आधार होईल असं काही दिलं तर 16 तास चालतील, तेही तिथं राहणाऱ्यांच्या गटाने कबूल केलं तर. मला त्यातलं शेवटचं कलम फार आवडलं. उपाशी राहायचं तर आधी विचारून. आत्याला कुणी विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? “तुमच्या मर्जीनं होऊ दे की.” असंच म्हणाली असती. आमच्या पिढीच्या आणि त्यामागच्या बायकांनी जेवणाबद्दल तक्रार करणं हे जिभेचे चोचले मानलं. स्वतः सगळ्यांच्या शेवटी बसायचं, उरलंसुरलं खायचं, आणि ‘मला भूक नव्हतीच’ म्हणायचं. अशा बाईला ‘जेवण कसं आहे’ विचारून आश्रमाचा दर्जा ठरवायचा म्हणजे झालंच.

पुरुषांच्या बाजूला एक आजोबा आहेत, साखरेची गोळी घेणारे. एकदा पहाटे घामाने भिजलेले, थरथरत बसलेले सापडले. साखरपाणी दिल्यावर ठीक झाले. सगळे म्हणाले, वय झालं. वय झालंच होतं. पण साडेचौदा तासही झाले होते.

पाण्याचंही तसंच. म्हातारपणी तहान कळेनाशी होते, हे डॉक्टर सांगतात. पण इथं तहान कळली तरी बायका पाणी पीत नाहीत. रात्री संडासाला उठावं लागतं, बोळात दिवा एकच, पाय घसरला तर? मग पाचनंतर तांब्या उपडा. जेवणाच्या दर्जाच्या कुठल्या वहीत बोळातल्या दिव्याचा रकाना असेल?

मी शाळेतल्यासारखी चव घेऊन बघितली. मावशींनी हसत वाटीत वाढलं. आमटी अळणी. का, तर आठ-दहा जणांना रक्तदाबाचा त्रास, म्हणून सगळ्यांचंच मीठ कमी. साखर सात जणांना, म्हणून सगळ्यांचाच चहा फिका. चवच लागली नाही तर माणूस दोन घासांनंतर हात आखडतो. एरवीही वयाने जीभ मंदावते, औषधांनी तोंड कडवट होतं. त्यात अळणी आमटी. बाहेरच्या देशांतल्या आहारतज्ज्ञांनी आता असं मत दिलंय की अशा घरांतल्या फार वयस्क माणसांना सरसकट कडक पथ्य लावू नये, कारण पथ्याने जेवढं वाचतं त्याहून जास्त न जेवण्याने जातं. आमच्याकडे एकाचं पथ्य बत्तीस जणांना. काटकसरीची हीही एक तऱ्हा.

आणि मिक्सर. ज्यांना दात नाहीत, ज्यांना ठसका लागतो, अशा पाच जणांचं जेवण मिक्सरला लावतात. भात, आमटी, भाजी, असेल तर शिराही, सगळं एकाच भांड्यात, गर्रर्र. करड्या रंगाचा लगदा. तो भरवायचा खाटेवर आडवं असतानाच, मान थोडी वर करून. हे बघून मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. गिळायला त्रास असलेल्या माणसाला ताठ बसवूनच भरवायचं, नंतरही अर्धा तास बसतं ठेवायचं, एवढं तर माझ्या सासऱ्यांच्या लकव्याच्या वेळी नर्सने मला शिकवलं होतं. तिनेच सांगितलं होतं की अशांच्या घशात नुसतं पातळ पाणीच चुकीच्या वाटेला जातं, दाट पेज नीट उतरते. जगभर आता याची 0 ते 7 अशी आठ पायऱ्यांची पट्टी वापरतात, कुणाला किती पातळ, किती मऊ. आपल्या आज्यांकडे ही पट्टी होतीच की. पेज, आंबील, गुरगुट्या भात, दुधात कुस्करलेली भाकरी, मग अख्खी भाकरी. बाळाला चढत्या क्रमाने आणि म्हाताऱ्याला उतरत्या. पण कुठल्याच आजीने शिरा आणि आमटी एकत्र कालवली नव्हती. मावशींना म्हटलं, निदान तीन वाट्या वेगळ्या करा. त्या म्हणाल्या, “वाट्या कोण धुणार बाई?” हा प्रश्न खरा होता. पुढच्या बुधवारी मी पंधरा स्टीलच्या वाट्या घेऊन गेले. धुण्याचा प्रश्न तरीही उरलाच. आता आठवड्यातले तीन-चार दिवस वाट्या वेगळ्या असतात, म्हणतात.

आता दात्यांबद्दल. इथं मला जपून बोलायला हवं, कारण मी त्यांतलीच एक आहे.

वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, वर्षश्राद्ध. लोक येतात, जिलेबी-मठ्ठा, श्रीखंड-पुरी, पुलाव, कुणी खास बेळगावचा म्हणून कुंदा. पितृपक्षाच्या पंधरवड्यात तर तारखा आधीच भरलेल्या असतात, एकाच दिवशी दोन घरचं जेवण. मावशींना त्या दिवसांत विश्रांती. सर्वपित्री अमावस्या झाली की आठवडाभर डॉक्टरांच्या फेऱ्या आणि पांढरा भात. ज्यांना वर्षभर फिका चहा, त्यांच्या पानात त्या दिवशी तीन जिलेब्या, कारण दाता समोर उभा असतो. कवळी नसलेल्या अज्जीला पुरी तोडता येत नाही, ती फोटो निघेपर्यंत हातात धरून बसते.

फोटो मीही काढलाय. बाबांच्या पहिल्या वर्षी मी दुसऱ्या एका आश्रमात श्रीखंड-पुरी घेऊन गेले होते. आत्याच्या निमित्ताने हे सगळं दिसायला लागल्यावर मी फोनमधला तो फोटो शोधून काढला. मधे मी वाढतेय, नवी साडी, चेहऱ्यावर समाधान. उजव्या कडेला एक म्हातारी बसलेली आहे. तिने पानावर हात आडवा धरलाय. नको, पुरे, असा. मी त्या हाताच्या वरून वाढलंय. पुरी तिच्या बोटांवर आहे.

तो फोटो मी खोडलेला नाही.

शाळेत मला आणखी एक सवय होती, ती कुठल्या वहीत मागितलेली नव्हती. मुलं जेवून उठली की मी हात धुवायच्या जागेजवळ उभी राहायची. कुणाच्या ताटात काय उरलंय ते तिथं कळतं. वाढलेलं सगळेच बघतात, उरलेलं घासणारी बाई बघते, आणि तिला कुणी विचारत नाही. आश्रमात ती पोरगी उरलेलं सगळं एका निळ्या बादलीत झाडते. सातच्या सुमाराला शेजारच्या मळ्यातला म्हशीवाला सायकलवर येतो आणि बादली नेतो. एकदा बस चुकली म्हणून मी तिथं थांबले होते, तर तो बादलीत हात घालून म्हणाला, “आज भातच लई आलाय. शेपूची भाजी असली की बादली हलकी अस्ती.” मला हसू आलं. सगळ्या आश्रमात जेवणाचा दर्जा नेमका माहीत असलेला माणूस हा एकटा होता.

मग मी वही घातली. दोनशे पानी, शाळेसारखीच. रकाने दोनच: वाढलं, उरलं. बुधवारी मी स्वतः लिहायची, इतर दिवशी त्या पोरीला सांगून ठेवलं, जमेल तसं. सहा-सात आठवड्यांत चित्र दिसायला लागलं. भात निम्मा परत. कोबी जवळजवळ सगळा परत, चावत नाही म्हणून. दोडका, भोपळा, शेपू संपतात. ताक कधीच परत येत नाही. शेंगाचटणी एकदा मी घरून नेली, ती ताकात कालवून वाढली, तर वाट्या चाटून पुसून स्वच्छ.

त्याच सुमाराला आत्याचं वजन केलं. आली तेव्हा 52 किलो होती. सहा महिन्यांत 46. सहा महिन्यांत दहावा हिस्सा गेला तर ते गंभीर मानतात, तिचा त्याहून जास्त गेला होता. काटा बरोबर असेल का अशी शंका मॅनेजरनी काढली, तेव्हा आत्याने उशाखालून आपली शिवणकामाची टेप काढून दिली. ती अजून जवळ ठेवते. पोटरीचा घेर 31 सेंटिमीटरच्या खाली असला तर पोषण कमी पडतंय असं समजतात, हे मी वाचलं होतं. मोजलं. साडेअठ्ठावीस भरलं. आत्या टेपेकडे बघून म्हणाली, “पोरीच्या फ्रॉकची बाही हाय गे ही.”

46 किलोच्या बाईला दिवसाला, आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे किलोला 0.83 ग्रॅम धरलं तरी 38 ग्रॅम प्रथिनं लागतात. युरोपातले वैद्य म्हाताऱ्यांना किलोला निदान 1 ग्रॅम सांगतात, म्हणजे 46. अळणी आमटीच्या दोन वाट्यांतून, ज्यात डाळ शोधावी लागते, किती मिळणार? अंड्यात सहा ग्रॅम असतात. आत्या जन्मभर बुधवार-रविवार सामिष खाणारी. शहापुरात तिच्या हातचं सुकं मटण नावाजलेलं. पण आश्रम शाकाहारी. दात्यांना, विश्वस्तांना चालणार नाही. यात कुणाचं चूक आहे असंही म्हणवत नाही. शाळेतसुद्धा अंड्याचा विषय निघाला तेव्हा केवढा गोंधळ झाला होता; शेवटी ज्याला नको त्याला केळं, असं ठरलं. पोरांसाठी हा तोडगा निघाला. म्हाताऱ्यांसाठी कुणी गोंधळही घातला नाही.

म्हणून मी चोरी करायला लागले. बुधवारी दोन उकडलेली अंडी, सोलून, डब्यात, वर रुमाल. आत्या भिंतीकडे तोंड करून खायची. माझं सगळं लक्ष दुसऱ्या खाटेकडे. वास तर जाणारच. तिसऱ्या बुधवारी अज्जी उठली. मला वाटलं, संपलं, आता ऑफिसात जाते. ती काठी टेकत गेली, खिडकी उघडली, पाठ फिरवून बाहेर बघत उभी राहिली आणि म्हणाली, “तिन्ली बिड्री.” खाऊ दे तिला. त्यानंतर दर बुधवारी माझी चाहूल लागली की ती आधीच खिडकी उघडते. मी तिच्यासाठी जोंधळ्याची मऊ भाकरी नेते, दुधात मळलेली. ती भाकरी वासाने लांबूनच ओळखते. अंडं आणि भाकरी एकाच पिशवीत आणते हे तिला माहीत आहे की नाही, देव जाणे. मी वेगवेगळे डबे करते.

वहीचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण फार काही झालं नाही. मॅनेजरना मी ती दाखवली. त्यांनी पानं उलटली, आणि म्हशीवाल्याच्या वाक्यावर थांबून पहिल्यांदाच हसले. आता रात्री आठला रखवालदाराची बायको मोठ्या थर्मासमधून नाचणीची आंबील देते, कपभर, ताक घालून, मीठ ज्याचं त्याने. नाचणी खानापूरकडून येते, ती सहज मिळते. बोळात दुसरा दिवा लागलाय. ऑफिसबाहेर दात्यांसाठी एक पाटी आहे, मराठीत आणि कानडीत: तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, नाचणी, केळी. पाटी वाचून लोक मान डोलवतात आणि जिलेबीच देतात. “वडिलांना फार आवडायची ओ,” एक जण म्हणाले. त्यांना काय सांगणार? आमटी दाट झालेली नाही. मावशींना मदतनीस मिळालेली नाही. सव्वासहाचं जेवण सव्वासहालाच आहे, कारण बस सातलाच आहे. आत्याचं वजन दीड किलो वाढलं, मग अर्धा किलो उतरलं.

गेल्या बुधवारी पाऊस होता. स्टँडवर तासभर थांबून, भिजून पोचले. अज्जीने सवयीने खिडकी उघडली, पावसाचे थेंब आत आले. मी डबा काढला, रुमाल बाजूला केला. आत्याने बघितलं आणि माझ्या हातावर चापट मारली.

“श्रावण लागलाय गे. अंडं काय आणतेस? बाई होतीस म्हणे शाळेत.”

“डॉक्टरांनी सांगितलंय आत्या.”

“डॉक्टरचा श्रावण नसंल. माझा हाय.”

अज्जीला मराठी येत नाही असा माझा समज होता. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला ताठ बसवलं, पाठ चोळली, चमच्याने आंबील दिली. आत्याने पुढच्या बुधवारची यादी सांगितली. मटकीची उसळ, चांगली मऊ. शेंगाचटणी. आणि अज्जीला दोन भाकऱ्या, एकीनं तिचं भागत नाही म्हणे.

परतीच्या बसला अर्धा तास होता. थांब्यावर मी आणि एक कुत्रं. डबा पिशवीत ठेवायला गेले तर जड लागला. इकडेतिकडे बघितलं, आणि उभ्या उभ्या दोन्ही अंडी मीच खाल्ली. श्रावणात. मीठ नव्हतं.